पेनिसिलिन ‘एस’, इरिथ्रोमायसिन ‘आर’: आईचा कल्चर रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न: माझी आई ६१ वर्षांची, मधुमेही. डावा पाय लाल होऊन सुजला, घराजवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं, पण लाली वरच चढत गेली म्हणून ॲडमिट केलं. पायावरच्या फोडातल्या पाण्याच्या कल्चरमध्ये ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ आलं. पुढे इरिथ्रोमायसिन आर, टेट्रासायक्लिन आर, क्लिंडामायसिन आर (डी टेस्ट पॉझिटिव्ह), पेनिसिलिन एस. डॉक्टरांनी साधं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू केलंय. शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाचे एक आजोबा आहेत. त्यांच्याही रक्तात स्ट्रेप्टोकोकसच निघाला, पण त्यांच्या कागदावर पेनिसिलिनपुढे दोन निकाल आहेत: मेनिन्जायटिससाठी (मेंदूच्या आवरणांच्या संसर्गासाठी) ‘आर’, इतर आजारांसाठी ‘एस’. लॅबची काही चूक आहे का? हा हॉस्पिटलातला सुपरबग आहे का? आणि इतकं जुनं औषध पुरेल?

उत्तर:

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. लॅब चुकलेली नाही, हा सुपरबग नाही, आणि आईला दिलेलं पेनिसिलिन हेच तिच्या जंतूवरचं पहिल्या पसंतीचं औषध आहे. गेली २७ वर्षं मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असेच रिपोर्ट सोडते आहे. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. कागदावर ‘आर’ दिसला की नातेवाईक जंतूला घाबरतात, जणू त्याच्या अंगात काही जादा ताकद आली. त्या अक्षराचा अर्थ फार मर्यादित असतो: अमुक जंतू, अमुक औषध, शरीरातली अमुक जागा, या तिघांचं गणित जमत नाही. यातलं एक बदललं की निकाल बदलतो. तुमच्या आईच्या आणि त्या आजोबांच्या रिपोर्टात घोळ वाटतो तो यामुळेच.

हॉस्पिटलचा प्रश्न लगेच निकालात काढू. जंतू हॉस्पिटलात सापडला म्हणून तो हॉस्पिटलचा होत नाही. आईचा पाय ॲडमिट होण्याआधीच लाल होता. हा जंतू माणसांच्या घशात आणि कातडीवर राहतो, आणि पायात शिरायला त्याला बोटांच्या बेचक्यातली एखादी चीर पुरते. बाळंतिणींच्या किंवा भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात एकापाठोपाठ दोघींच्या नमुन्यात तो दिसला तर मात्र आम्ही धावत वर जातो. तो प्रकार वेगळा.

आता नाव. स्ट्रेप्टोकोकस हे आडनाव आहे. एकाच आडनावाची माणसं वेगवेगळ्या वाड्यांत राहतात, एकमेकांशी बोलतही नाहीत, तसं हे. रेबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ मध्ये पेशीभित्तिकेतल्या कर्बोदकांवरून या मंडळींचे ए, बी, सी असे गट पाडले. आईचा जंतू गट ए. नवजात बाळांना त्रास देणारा गट बी. आजोबांच्या रक्तातला स्ट्रेप्टोकोकस म्हणजे न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस, तो या अक्षरांत बसतच नाही. आणि तुमच्या-माझ्या तोंडात कोट्यवधींनी राहणारे, एरवी निरुपद्रवी असे व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय, त्यांचं घर आणखी वेगळं. या शेवटच्यांना लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

गट ए आणि पेनिसिलिन यांचं नातं वैद्यकात दुर्मीळ म्हणावं असं आहे. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे अ‍ॅन मिलर नावाची ३३ वर्षांची बाई गर्भपातानंतर रक्तात स्ट्रेप्टोकोकस पसरून मरणाच्या दारात होती. सल्फा हे तेव्हाचं औषध देऊन झालं होतं, रक्त चढवून झालं होतं. देशात जेमतेम तयार होऊ लागलेल्या पेनिसिलिनमधलं थोडं तिच्यासाठी मिळवलं, आणि एका दिवसात तिचा ताप उतरला. ती १९९९ पर्यंत, नव्वद वर्षांची होईपर्यंत जगली. त्यानंतरच्या आठ दशकांत या औषधाचा जगभर पूर आला, तरी पेनिसिलिनला दाद न देणारा गट ए रुग्णांमध्ये पसरल्याचं कुठेही दिसलेलं नाही. त्याच काळात स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूने पेनिसिलिन जवळपास निकामी करून टाकलं. गट ए कडे पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम नाही. दुसऱ्या जंतूंचा डीएनए उचलून आपल्यात बसवण्यात तो आळशी आहे. आणि पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटतं ती बदलायला गेला तर त्याचीच वाढ बिघडते, असं प्रयोगशाळेत दिसतं. अलीकडे पीबीपी-२ एक्स नावाच्या प्रथिनात बदल झालेले काही जंतू सापडले आहेत. त्यांना मारायला औषध किंचित जास्त लागतं, पण ते अजून ‘एस’च्या रेषेच्या आतच आहेत. आमचं त्यांच्यावर लक्ष आहे, एवढंच.

म्हणून गट ए पुढे ‘पेनिसिलिन आर’ असं कुठे छापलेलं दिसलं तर मी आधी लॅबवर संशय घेते. माझ्यावरही ती वेळ आली आहे. एका मे महिन्यात आठवड्याभरात तीन गट ए जंतूंना पेनिसिलिनचे झोन छोटे यायला लागले. झोन म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. आमच्यातला एक ज्युनियर तर शोधनिबंधाची भाषा करू लागला. मग कंट्रोल म्हणून ठेवलेला, ज्याचा निकाल आधीच माहीत असतो तो जंतू लावला, त्याचाही झोन छोटा. लोडशेडिंगमध्ये फ्रीज तासन् तास बंद राहत होता आणि चकत्यांतलं पेनिसिलिन केव्हाच मरून गेलं होतं. नवी कुपी उघडली, तिन्ही जंतू ‘एस’. काही ठिकाणी मेंढीच्या रक्ताऐवजी रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या माणसाच्या रक्तावर प्लेटा ओतल्या जातात. त्यात आधीच प्रतिपिंडं असतात, कधी रक्तदात्याने घेतलेलं औषधही असतं. जंतू कुपोषित वाढतो आणि झोन मनाला येईल तसे दिसतात.

आता तुमच्या कागदावरची सगळ्यात बोलकी ओळ: डी टेस्ट पॉझिटिव्ह.

इरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही एका घरातली औषधं, मॅक्रोलाइड. इरिथ्रोमायसिनच्या निकालावरून आम्ही बाकीच्यांचाही निकाल धरतो, त्यामुळे अ‍ॅझिथ्रोमायसिनने आईची लाली का थांबली नाही याचं उत्तर तुमच्या कागदावर होतंच, फक्त नाव दुसरं होतं. क्लिंडामायसिन त्या घरातलं नाही, पण ते काम त्याच जागी करतं: जंतूचा प्रथिनं बनवण्याचा जो कारखाना, रायबोसोम, त्याच्या एकाच कोपऱ्यात ही सगळी औषधं अडकतात. काही जंतूंकडे ‘ईआरएम’ नावाचं जनुक असतं. ते त्या कोपऱ्यावर एक छोटा मिथाइल गट चिकटवतं, आणि औषधाला बसायला जागाच राहत नाही. मॅक्रोलाइडही गेलं, क्लिंडामायसिनही गेलं.

गंमत अशी, की हे जनुक पुष्कळदा झोपलेलं असतं. इरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की ते जागं होतं. क्लिंडामायसिनने सहसा जागं होत नाही. म्हणजे प्लेटवर क्लिंडामायसिनची चकती एकटी ठेवली तर झोन छान मोठा येतो आणि आपण बिनधास्त ‘एस’ लिहितो. रुग्णाच्या शरीरात मात्र अब्जावधी जंतूंमध्ये काही असे असतात की ज्यांचं जनुक कायमचं जागं राहिलेलं आहे. औषध चालू असताना तेवढेच उरतात आणि वाढतात. म्हणून स्ट्रेप्टोकोकससाठी दोन चकत्या मुद्दाम जवळ ठेवायच्या, एकीच्या कडेपासून दुसरीची कड १२ मिलिमीटरवर. इरिथ्रोमायसिन पाझरत क्लिंडामायसिनच्या हद्दीत जातं, त्या बाजूच्या जंतूंना उठवतं, आणि गोल झोनची ती बाजू चपटी होते. इंग्रजी ‘डी’ अक्षर अगदी छापल्यासारखं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी प्लेट घेऊन सरांच्या खोलीत पळत गेले होते. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “बरं मग, क्लिंडामायसिन आर लिहा.” तुमच्या लॅबने नेमकं तेच केलं आहे, आणि ज्या लॅबच्या रिपोर्टात डी टेस्टचा उल्लेख असतो तिच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो. (काही जंतू ईआरएमऐवजी पंप वापरतात, आत आलेलं मॅक्रोलाइड बाहेर उपसून टाकतात. तो पंप क्लिंडामायसिन उपसत नाही, तेव्हा झोन गोलच राहतो आणि क्लिंडामायसिन चालतं.)

पेनिसिलिन चालत असताना क्लिंडामायसिनची एवढी उठाठेव कशाला, असं वाटेल. गट ए जेव्हा खोलवर जाऊन मांसाची आवरणं सडवतो, नेक्रोटायझिंग फॅसायटिस होतो, तेव्हा पेनिसिलिन एकटं अडखळतं. ते भिंत बांधत असलेल्या, म्हणजे वाढत्या जंतूलाच मारतं. जंतूंची दाटी झाली की त्यांची वाढ मंदावते आणि पेनिसिलिनचा वार बोथट होतो. हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये हे उंदरांवर दाखवलं. क्लिंडामायसिन जंतूचं विष तयार होणंच थांबवतं, म्हणून अशा वेळी सर्जनच्या सुरीसोबत ते जोडलं जातं. आईच्या जंतूवर तो जोडीदार गेलेला आहे. गरज पडलीच तर डॉक्टर लिनेझोलिडसारख्या दुसऱ्या औषधाचा विचार करतील. सूज दिसते त्या मानाने वेदना फारच जास्त, कातडी काळी-निळी पडणं, रक्तदाब उतरणं, यातलं काही दिसलं तर राउंडची वाट न बघता लगेच सांगा. तसं काही नसेल तर या ‘आर’मुळे आईच्या उपचारात काहीही बिघडलेलं नाही.

बिघडलं आहे ते बाहेर. सर्दी झाली, घसा धरला, की मेडिकलमधून तीन गोळ्यांची अ‍ॅझिथ्रोची पट्टी. दिवसाला एक, तीन दिवस, संपलं. सोयीचं आहे म्हणूनच खपतं. पण या औषधाची शरीरातली पातळी निम्मी व्हायला साधारण ६८ तास लागतात. गोळ्या संपल्यावरही ते अनेक दिवस, जंतू मारायला अपुरं पण निवडायला पुरेसं, असं रेंगाळत राहतं. बेल्जियममध्ये निरोगी माणसांवर याचा सरळ प्रयोग झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २२४ जणांपैकी काहींना अ‍ॅझिथ्रोमायसिन, काहींना क्लॅरिथ्रोमायसिन, काहींना नुसती खोटी गोळी दिली आणि त्यांच्या तोंडातले स्ट्रेप्टोकोकाय तपासत राहिले. एकाच कोर्सनंतर मॅक्रोलाइडला न जुमानणाऱ्या जंतूंचा वाटा झपाट्याने वाढला, आणि सहा महिन्यांनंतरही तो पूर्ववत झाला नव्हता. ही माणसं आजारीसुद्धा नव्हती!

उलटं चाक फिरवता येतं हेही दिसलेलं आहे. फिनलंडमध्ये गट ए मधला इरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध वाढला तेव्हा तिथे मॅक्रोलाइड जपून वापरायच्या सूचना निघाल्या, डॉक्टरांनी त्या पाळल्या, आणि १९९२ मधलं १६.५ टक्क्यांचं प्रमाण १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या प्राधान्य यादीत मॅक्रोलाइडला दाद न देणारा गट ए आणि तसाच न्यूमोकोकस, दोन्ही घातले आहेत.

आता आजोबा. इथे तोंडातल्या त्या निरुपद्रवी मंडळींचं काम सुरू होतं.

१९२८ मध्ये लंडनमध्ये फ्लेमिंगच्या प्लेटवर बुरशी आली, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्याच वर्षी, त्याच शहरात फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांना मेलेले घातक न्यूमोकोकाय आणि जिवंत निरुपद्रवी न्यूमोकोकाय एकत्र टोचले, आणि निरुपद्रवी जंतू घातक झाले. जिवंताने मेलेल्याचं काहीतरी उचललं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. पुढे न्यूमोकोकसने पेनिसिलिनला उत्तर शोधलं ते याच खोडीतून. शेजारी राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस मायटिससारख्या तोंडातल्या जंतूंच्या डीएनएचे तुकडे त्याने उचलले आणि पेनिसिलिन ज्यांना चिकटतं त्या प्रथिनांच्या जनुकांत शिवून टाकले. त्या जनुकांची रचना बघितली तर आजीच्या गोधडीची आठवण येते, इथला तुकडा एका लुगड्याचा, तिथला दुसऱ्याचा. असा न्यूमोकोकस १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदला गेला. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, आणि पाठोपाठ जोहान्सबर्गला अनेक औषधांना न जुमानणारे न्यूमोकोकाय सापडले.

या शिवणकामाचा एक व्यावहारिक अर्थ आहे, आणि तो मी भेटेल त्याला सांगते. न्यूमोकोकस पेनिसिलिन फोडत नाही, त्याची पकड सैल करतो. त्यामुळे फोडणारं एन्झाइम अडवण्यासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिनमध्ये घातलेलं क्लॅव्हुलनेट स्ट्रेप्टोकोकसच्या कुठल्याही भावंडावर काडीचंही काम करत नाही. महाग गोळी, जुलाब जास्त, फायदा शून्य. दुसऱ्या जंतूंसाठी ते लागतं, पण निव्वळ स्ट्रेप्टोकोकस असेल तर साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन बघावं. पकड सैल झाली असेल तर औषध वाढवून ती पुन्हा घट्ट करता येते. म्हणून इथे प्रश्न ‘मरतो की नाही’ असा नसून ‘किती औषध तिथपर्यंत पोचतं’ असा असतो.

जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या सगळ्यात कमी औषधाला आम्ही एमआयसी म्हणतो. समजा आजोबांच्या जंतूची पेनिसिलिनची एमआयसी ०.५ (एका मिलिलिटरला इतके मायक्रोग्रॅम) आहे. शिरेतून पेनिसिलिन दिलं तर फुप्फुसात याच्यापेक्षा कितीतरी जास्त पातळी मिळते, जंतू मरतो. मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र रक्तातल्या पातळीचा छोटासाच हिस्सा उतरतो, तिथे ०.५ सुद्धा भारी पडतं. पूर्वी दोन्हींसाठी एकच रेष होती आणि न्यूमोनियाचे अनेक रुग्ण उगाच ‘प्रतिरोधक’ ठरून महागड्या औषधांवर जात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेने रेषा वेगळ्या केल्या: मेनिन्जायटिससाठी ०.०६ पर्यंत ‘एस’ आणि ०.१२ पासून ‘आर’. मेनिन्जायटिस नसेल आणि औषध शिरेतून देत असाल तर २ पर्यंत ‘एस’, ८ पासून ‘आर’. भारतातल्या बऱ्याच लॅब हेच मानक वापरतात. आजोबांच्या रक्तात जंतू आहे, मेंदूत गेल्याची लक्षणं नाहीत, तर त्यांच्यासाठी दुसरी ओळ वाचायची. उद्या मान ताठली, शुद्ध हरपू लागली, तर तोच कागद, तोच जंतू, पण पहिली ओळ. म्हणूनच न्यूमोकोकसचा मेनिन्जायटिस असेल अशी शंका आली की रिपोर्ट यायच्या आधी सेफ्ट्रायॅक्सोनबरोबर व्हॅन्कोमायसिन सुरू करतात, आणि एमआयसी हातात आल्यावर त्यातलं नको ते काढतात.

इथे लहान लॅबमध्ये एक चूक नेहमी होते. न्यूमोकोकसचं पेनिसिलिन चाळणीसाठी ऑक्सासिलिनच्या चकतीने बघतात. झोन २० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर प्रश्न मिटला. कमी असेल तर त्याचा अर्थ फक्त ‘एमआयसी काढा’ एवढाच. पण कागदावर थेट ‘पेनिसिलिन आर’ जातं. आजोबांच्या रिपोर्टात दोन ओळी आल्या म्हणजे त्यांच्या लॅबने एमआयसी काढण्याचे कष्ट घेतले.

त्यांच्या घरच्यांना न्यूमोकोकसच्या लसीबद्दल विचारायला सांगा. मुलांसाठीची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या लसीत न्यूमोकोकसचा १९ए सारखा प्रतिरोधासाठी बदनाम प्रकारही आहे. मुलांच्या नाकातून हे प्रकार हटले की आजी-आजोबांपर्यंत पोचणारेही कमी होतात.

उरलेलं भराभर. टेट्रासायक्लिनच्या ‘आर’कडे दुर्लक्ष करा, त्या प्रतिरोधाचं जनुक स्ट्रेप्टोकोकाय उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर बसवून फिरवत असतात, पुष्कळदा ईआरएमच्या सोबत. रिपोर्टात जेंटामायसिन नाही म्हणून काही राहून गेलं असं समजू नका. स्ट्रेप्टोकोकसच्या आत ते नीट शिरतच नाही, पेनिसिलिनने भिंतीला भगदाड पाडलं तरच शिरतं. हृदयाच्या झडपेच्या संसर्गात तोंडातले स्ट्रेप्टोकोकाय असतील तर ही जोडी कामाला येते, आणि तिथे पेनिसिलिनची एमआयसी दशांश चिन्हापर्यंत महत्त्वाची. गट बी मध्ये पेनिसिलिनची पकड किंचित सैल झालेले जंतू जपानमध्ये २००८ मध्ये नोंदले गेले आहेत. आईशी त्याचा संबंध नाही.

आता तुम्ही काय करायचं. कोर्स किती दिवसांचा ते डॉक्टरांना विचारा आणि पुरा करा. लाली पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी वाढलेली वाटू शकते, म्हणून पेनाने तिच्या कडेने रेघ मारून ठेवा आणि रोज बघा. पायाच्या बोटांच्या बेचक्या तपासायला सांगा. तिथे चिखल्या असतील तर त्यांचा उपचार झाल्याशिवाय हा जंतू पुन्हा येईल, आणि मधुमेहींच्या बाबतीत हे हटकून विसरलं जातं. आईला पूर्वी कधी पेनिसिलिनची रिॲक्शन आल्याचं घरात कुणी म्हणत असेल तर नेमकं काय झालं होतं ते सविस्तर सांगा. अंगावर पित्त उठलं होतं, की इंजेक्शन बघून चक्कर आली होती, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हा रिपोर्ट साखरेच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, म्हणजे पुढच्या वेळी पाय लाल झाल्यावर कुणी अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहायला घेतलं तर आधी तो समोर ठेवता येईल.